ठोकून पाहिलेला साडू

ठोक्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि कंपनीच्या पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी दुनियेसाठी तो ठोक्या. कागदाच्या गोदामात रोल तपासायचं त्याचं काम. माणसाच्या उंचीचे, कवेत न मावणारे रोल तिथे एकावर एक उभे रचलेले असत आणि मधल्या अरुंद गल्ल्यांतून ठोक्या हातात लाकडी दांडकं घेऊन फिरे. रोलला ठोका मारायचा, कान लावायचा आणि आत ओल धरली आहे का, गुंडाळी सैल पडली आहे का ते सांगायचं.

सवय एकदा हाताला लागली की ती गोदामाच्या फाटकापाशी थांबत नाही. ठोक्या बसण्याआधी स्टूल ठोकी, विकत घेण्याआधी बादली ठोकी, आणि दार उघडं असलं तरी ठोकूनच आत जाई. तोही साधा ठोका नव्हे. आधी दोन सावकाश, मग थांबून एक जोरात. वस्तूंचं एक वेळ ठीक, पण हा गृहस्थ माणसंही ठोकून पाही. बायकोच्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा त्या बिचाऱ्या मुलाला ह्यानं चहाला बोलावलं, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि निघताना पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या हातातली पिशवी पडली. मग बायकोला सांगितलं, "घट्ट आहे. आत ओल नाही. द्या मुलगी."

तोच हा साडूभाऊ. लग्नानंतर ठोक्यानंच त्याला गोदामात चिकटवून दिलं. तिथे एक फोर्कलिफ्ट होती जिला दातांऐवजी रोल कवळायला दोन मोठे पंजे होते. सगळे तिला नुसतं 'पंजा' म्हणत. साडूभाऊ पंजा चालवू लागला आणि चांगला चालवू लागला. दोघे एकत्र डबा खात, एकमेकांच्या बायकांच्या तक्रारी एकमेकांना सांगत. दोघांच्या बायका बहिणी असल्यानं तक्रारीही सारख्याच असत, त्यामुळे बोलायला कधी तोटा पडला नाही.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे मुकादम निवृत्त व्हायला आला आणि त्याच्या जागी ठोक्या नाहीतर साडूभाऊ बसणार हे उघड झालं. दुसरी म्हणजे पंजातून एक रोल निसटला आणि ठोक्याच्या बुटाच्या टोकाला चाटून गेला. साडूभाऊ पांढराफटक पडला. गाडीचं तेल गळतंय हे तो कधीपासून सांगत होता, आणि सगळ्यांनी ते ऐकलंही होतं. ठोक्या वरवर म्हणाला, "असू दे, होतं." पण ह्या दोन गोष्टी त्यानं मनात शेजारी शेजारी ठेवल्या. एकेकट्या होत्या तोवर दोन्ही निरुपद्रवी होत्या.

त्या रोलमुळेच कंपनीनं मनगटी पट्टे आणले. पट्टा शिकवायला एक गुळगुळीत दाढी केलेला तरुण आला. गोड गोड बोलून समोरच्याला झोपवायची त्याची हातोटी होती. "धोका जवळ आला की आधी ह्याला कळतं, मग तुम्हाला," तो म्हणाला. "आवाज नाही, नुसती थरथर. ज्याच्या हातात त्यालाच जाणवणार." गाड्यांवर बसवलेल्या डब्यांबद्दलही तो काहीतरी सांगत होता, पण नेमकं तेव्हा ठोक्या पट्ट्याचं बक्कल दातानं ओढून बघत होता. त्यानं मान वर केली तोवर तरुण शेवटावर आला होता. "आणि पुढे तर ह्याला ताण, राग, मनातली खळबळसुद्धा ओळखता येणार आहे."

ठोक्याला 'पुढे' हा शब्द ऐकू आला नाही. ऐकू आला असता तरी त्यानं सोडून दिला असता. हवं तेवढंच ऐकणारे कान त्याच्याकडे होते, आणि ते नुसते रोलला लावायचे नव्हते.

बाकीच्यांनी चार दिवसांत पट्टे खिळ्याला टांगले. दिवसभर मनगटाला गुदगुल्या कोण करून घेणार? ठोक्यानं मात्र पट्टा उतरवला नाही. घरी, जेवताना, अंघोळ सोडली तर सदान्कदा हातात. बायको म्हणाली, "लग्नातलं घड्याळ एवढं जपलं असतंत तर अजून चाललं असतं." मालाच्या गाड्या जवळ आल्या की पट्टा थरथरे, ठोक्या बाजूला होई. यंत्र खरं बोलतंय अशी त्याची खात्री पटली. ठोक्याची खात्री पटणं ही सोपी गोष्ट नव्हती, आणि पटल्यावर ती उलटवणं त्याहून अवघड होतं.

एका दुपारी डबा खायच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून हात धूत होता. पट्टा थरथरला. त्यानं चमकून मागे पाहिलं. गाडी नाही, काही नाही. दारात साडूभाऊ उभा होता, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, हातात डबा.

"काय रे, दचकलास का दादा?" साडूभाऊ हसत म्हणाला.

"छे," ठोक्या म्हणाला आणि हात पुसत राहिला. साडूभाऊ येऊन शेजारी बसला. तो बसला होता तोवर मनगट थरथरत होतं. तो उठून गेला आणि पट्टा शांत झाला.

त्या दिवसापासून ठोक्या मनगटाचा हिशेब ठेवू लागला. साडूभाऊ गाडीवर असताना पट्टा थरथरला तर ते समजण्यासारखं होतं. पण पायी? नळापाशी? हजेरीच्या रांगेत, मागे कोण आहे हे न बघता ठोक्याला मनगटावरून कळू लागलं की साडूभाऊ आला. गोदामात इतकी माणसं होती, भांडकुदळ होती, दारूडे होते, एक तर ठोक्याशी हातघाईवर आला होता. त्यांच्यापैकी एकाच्याही पायी येण्यानं पट्टा हलत नव्हता. फक्त साडूभाऊच्या. म्हणजे पट्ट्याला जे कळलं ते मला इतकी वर्षं ठोकून कळलं नाही, असं ठोक्याच्या मनात आलं, आणि भीतीपेक्षा अपमानच जास्त झोंबला.

इथे कुणीही शहाणा माणूस काय करील? समोरच्याला विचारील, 'अरे, तू आलास की माझा पट्टा का थरथरतो?' एक वाक्य. पण संशयी माणसाला विचारणं म्हणजे हातातले पत्ते दाखवणं वाटतं. ठोक्या गप्प राहिला आणि साडूभाऊकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागला. असं बघितलं की देवमाणूसही चोर दिसतो.

साडूभाऊची एक नवी सवय त्याच्या लक्षात आली. पंजात रोल धरला की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. साडूभाऊ हल्ली गल्लीच्या वळणावर गाडी थांबवी, खाली उतरे आणि मान काढून डोकावे. ठोक्या कुठे उभा आहे ते बघे. मग काही न बोलता परत जाऊन गाडीवर बसे. पूर्वी तो असं करत नव्हता, नुसता भोंगा वाजवून यायचा. ठोक्यानं ताडलं, हा आपली जागा हेरतोय.

साडूभाऊच्या मुलीचा वाढदिवस आला. ठोक्याला जायचं नव्हतं, पण बायकोपुढे कारण काय सांगणार? साडूभाऊ कामावरून तसाच, जॅकेटासकट, केक घेऊन आला आणि "दादा" म्हणत ठोक्याच्या खांद्यावर हात टाकला. पट्टा असा थरथरू लागला की ठोक्यानं ते मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरलं.

"भावोजी, हात दुखतोय का?" मेहुणीनं विचारलं.

"मुंग्या आल्यात."

"अगं, आधी कपडे बदलू दे ह्यांना. कागदाचा भुसा सगळ्या केकवर पडेल," ठोक्याची बायको बहिणीला म्हणाली. साडूभाऊ आत गेला, जॅकेट मागच्या अंगणातल्या दोरीवर टाकून, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला आणि पुन्हा ठोक्याला खेटून बसला. आता पट्टा गप्प. मुलीनं मेणबत्त्या विझवल्या, साडूभाऊनं केकचा मोठा तुकडा ठोक्याच्या तोंडात कोंबला, तरी पट्टा गप्प.

नीट डोकं चालवलं असतं तर सगळं कोडं तिथेच सुटलं असतं. ठोक्यानं डोकं चालवलं, पण भलत्याच दिशेला. त्यानं ठरवलं की घरी, पोरीसमोर, ह्याच्या मनातलं विष खाली बसतं. कामावर असला की वर येतं. म्हणजे जे काही करायचंय ते हा कामावर करणार.

घरी परतताना बायको म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी धड बोलला नाहीत. माझी बहीण रडवेली झाली होती. काय बिनसलंय तुमचं?"

"काही नाही."

"मग तोंड का असं? तुम्हीच निवडलेला माणूस आहे तो."

"निवडताना चुकलो असेन," ठोक्या म्हणाला. बायको रस्त्यात थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि उरलेला रस्ता चार पावलं पुढे राहून चालली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या वळणावर साडूभाऊ पुन्हा उतरून डोकावला. नेहमीसारखा परत न जाता ह्या वेळी तो दोन पावलं पुढे आला. मनगट थरथरलं. "दादा, तुला जरा सांगायचं होतं," तो म्हणाला, "ह्या गाडीचं..."

"नंतर," ठोक्या म्हणाला आणि दांडकं घट्ट धरून मागे सरकला. दांडकं धरायची ती पद्धत रोल तपासायची नव्हती. साडूभाऊनं दांडक्याकडे पाहिलं, ठोक्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच उतरलं. तो परत गाडीकडे गेला.

त्याच दुपारी ठोक्या मॅनेजरच्या केबिनपाशी गेला. दार उघडंच होतं. हातानं सवयीनं आपलं काम केलं, आधी दोन सावकाश, मग थांबून एक जोरात. आत जाऊन त्यानं सांगितलं की पंजा चालवणाऱ्याचं लक्ष ठिकाणावर नाही, तो मधेच गाडी सोडून उतरतो, एकदा रोल पाडला आहे, पुन्हा पाडील, कुणाचा तरी जीव जाईल. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. सगळी मिळून मात्र खोटं झालं होतं, आणि बोलताना ते ठोक्यालाही कुठेतरी कळत होतं.

"तुमचं नाव बाहेर येणार नाही," मॅनेजर म्हणाला.

साडूभाऊची बदली पलीकडच्या शेडमध्ये झाली, जिथे रद्दी हातगाडीवर ढकलायची असते. पंजावर दुसरा माणूस आला. त्याला सगळे पाहुणा म्हणत, कारण कुठल्याही कामावर तो आत्ताच आलोय नि आत्ताच निघणार अशा थाटात वागे. गाडी मात्र तो जोरात चालवी. उतरणं नाही, डोकावणं नाही.

आणि ठोक्याचा पट्टा शांत झाला. मालाच्या गाड्यांना तेवढा थरथरे, एरवी दिवसभर हूं की चूं नाही. पंजा चार हातांवरून गेला तरी नाही. ठोक्याला किती दिवसांनी मोकळा श्वास आला. बघा, पाहुण्याच्या मनात काही नाही, म्हणून पट्टा गप्प, असं त्यानं स्वतःला पटवलं. आपण बरोबर होतो. आपणच बरोबर होतो. घरी बायको बहिणीशी फोनवर दबक्या आवाजात बोले आणि तो आला की फोन ठेवी. त्याचं त्याला वाईट वाटे, पण जीव वाचला आहे असं वाटत असताना माणूस बाकीची वाईटं सोसून घेतो.

त्या सकाळी तो वळणावर एका रोलला कान लावून उभा होता. आवाज सैल वाटत होता, म्हणून त्यानं डोळे मिटून पुन्हा ठोका मारला. मनगट शांत होतं. आवाज आला तो पलीकडच्या गल्लीतला वाटला. मग रोल त्याच्या कानावर आदळला, पाठीमागून काहीतरी अवजड आलं, आणि डाव्या पायातून अशी कळ निघाली की त्याला स्वतःचं ओरडणंही ऐकू आलं नाही. पाहुण्यानं ब्रेक दाबला होता, म्हणून पायावरच भागलं.

पाय जोडला, प्लास्टर घातलं, ठोक्या घरी आला. खिडकीजवळ खाट टाकली होती. उशाशी स्टुलावर स्टीलच्या ताटलीत गोळ्या होत्या, आणि शेजारी तो पट्टा. इस्पितळात काढून दिलेला तो बायकोनं तिथे टाकला होता. ठोक्या त्याच्याकडे बघत पडला होता. गाडी पाठीवर आली तरी हा गप्प राहिला. मग ह्याला कळतं तरी काय?

दुपार कलत होती. जिन्यावर पावलं वाजली आणि ताटलीतला पट्टा खडखडू लागला. गोळ्या ताटलीभर नाचायला लागल्या. दारातून आधी मेहुणी आली आणि सरळ आत बहिणीकडे गेली. तिच्यामागे साडूभाऊ, रद्दीच्या शेडमधून तसाच आलेला, जॅकेट घातलेला. तो उंबऱ्याशी उभा राहिला. पट्टा थांबेना.

ठोक्यानं ताटलीकडे पाहिलं, साडूभाऊकडे पाहिलं. गाडी नाही, काही नाही. मग इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"खिशात काय आहे तुझ्या?"

साडूभाऊनं आतल्या खिशाची चेन उघडली आणि काडेपेटीएवढी एक काळी डबी काढून खाटेवर ठेवली. पट्टा ताटलीच्या कडेपर्यंत सरकत आला.

"पंजाची आहे," तो म्हणाला. "हिच्यामुळेच पट्टे थरथरतात. हिला गाडीवर धरून ठेवणारी पकड तुटली होती. सांगून सांगून थकलो, कोणी बसवून देईना. आणि हिच्याशिवाय गाडी आली तर तुला कळणार नाही. तू एकटाच पट्टा घालतोस. म्हणून खिशात ठेवून चालवायचो. मी म्हणजेच गाडी. तरी भरवसा नव्हता, हलक्या प्रतीची डबी, कधी बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून वळणावर उतरून बघायचो, तू कुठे आहेस ते."

ठोक्याला अंघोळ करून आलेला, धुतलेल्या सदऱ्यातला साडूभाऊ आठवला. त्याच्या तोंडात केकची चव आली आणि त्याला रडू फुटेल असं वाटलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दोघी बहिणी ऐकत होत्या.

"मला सांगायला आला होतास," ठोक्या म्हणाला. "त्या दिवशी, वळणावर."

"हो. तू दांडकं उगारलंस."

"आणि तुझी तक्रार..."

"तू केलीस. माहीत आहे." साडूभाऊ खाली बघत बोलत होता. "त्या दुपारी मी केबिनच्या पलीकडच्या गल्लीत होतो. दोन सावकाश, एक जोरात. उघडं दार ठोकणारा गोदामात दुसरा कोण आहे?"

ठोक्याचं बोट खाटेच्या दांडीवर ठोकायला गेलं आणि मधेच थांबलं.

"दुसरंही ऐक," साडूभाऊ म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "डबी मी विसरलो नव्हतो. शेड बदलली त्या दिवशी हातात होती. म्हटलं, नाही देत. माझ्यावर ज्याचा विश्वास नाही त्याच्यासाठी मी का धावू? कोणी विचारलं तर देईन. कोणी विचारलं नाही. रोज खिशाला हात लागायचा, रोज म्हणायचो उद्या देऊ. तुझा पाय माझ्यामुळे मोडला, दादा. पट्ट्याला कळो न कळो, तू मला ओळखलंस ते बरोबरच ओळखलंस."

"मी ओळखलं नाही," ठोक्या म्हणाला. "मी तुला तसा केला."

ताटली खडखडत होती. शेवटी ठोक्यानं कण्हत हात लांब करून पट्टा उचलला. साडूभाऊला वाटलं तो मनगटावर चढवणार, किंवा फेकून मारणार. ठोक्यानं खाटेवरची डबी उचलली, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पट्टा साडूभाऊपुढे धरला.

"हा तू घाल."

"मी? मला काय करायचाय?"

"मी जवळ आलो की तुला कळायला हवं."

साडूभाऊनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पट्टा घेतला, बक्कल लावलं आणि स्टुलावरची ताटली खाली ठेवून खाटेला खेटून बसला. त्याचं मनगट थरथरायला लागलं. ते त्यानं ठोक्याच्या प्लास्टरवर टेकवलं, तेव्हा पायालाही ती थरथर जाणवली.

"बरोबर चालतोय," साडूभाऊ म्हणाला आणि चहा झाला का म्हणून आत हाक मारली.